वाणिज्य शिकून सेवेला निघालेली मुले

(वर्धापन दिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मंगल दिवशी मला दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. वर्धापन दिनी आपल्या सिनेगॉगच्या इतिहासावर बोलणारे जाणकार बरेच आहेत आणि त्यांचे लेख याच अंकात आपण वाचालच. मला विषय दिला गेला तो तरुण पिढीचा. मी मुंबईत कॉमर्स शिकलो आणि इथे येऊन नोकरीची सर्व वर्षे हिशेबखात्यात काढली. म्हणून मला ठाऊक असलेल्या वाटेनेच मी या विषयाकडे जाणार आहे.

आपली मुले-मुली सैन्यातली सेवा संपवून विद्यापीठात जातात. पुष्कळ जण ‘मिन्हाल असाकिम’, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापन, हा विषय घेतात. आईवडिलांना समाधान वाटते, की आता बँकेत किंवा एखाद्या चांगल्या कंपनीत जागा मिळेल. पण अलीकडे अशी दोन-चार मुले भेटली, की जी पदवी हाती पडल्यावर म्हणतात, “मला युगांडाला जायचे आहे,” किंवा “मला भारतात एका संस्थेत दोन वर्षे काम करायचे आहे.” मग आया मला विचारतात, “काका, एवढा खर्च करून शिकवले ते फुकट राबण्यासाठी का? सेवाच करायची होती तर डॉक्टर व्हायचे, नर्स व्हायचे. हिशेब शिकलेल्या माणसाचे तिथे काय काम?”

प्रश्न रास्त आहे. त्याला हसून उत्तर देण्यात अर्थ नाही. मी त्याचे उत्तर एका माणसाच्या चरित्रातून देतो.

फझले हसन आबेद हे त्यांचे नाव. जन्म १९३६ चा, आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेट भागातला. ते ग्लासगोला जहाजबांधणी शिकायला गेले. तो विषय सोडून लंडनला कॉस्ट अकाउंटंट झाले. मायदेशी परतल्यावर शेल या तेल कंपनीत चितगावला लागले आणि वित्त विभागाचे प्रमुख झाले. बंगला, गाडी, मोठा पगार, सर्व काही होते. आपल्यापैकी कोणत्याही आईला असा जावई आवडला असता!

नोव्हेंबर १९७० मध्ये बंगालच्या उपसागरात मोठे चक्रीवादळ आले. त्यात किमान ३ लाख माणसे मेली असा अंदाज आहे. आबेद आणि त्यांचे मित्र मदत घेऊन मनपुरा बेटावर गेले. तिथले दृश्य पाहिल्यावर कंपनीतल्या आयुष्याचा अर्थ त्यांना वाटेनासा झाला. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. त्यांनी नोकरी सोडली, लंडन गाठले आणि बांगलादेशासाठी लोकमत व पैसा गोळा करण्याच्या कामाला लागले. देश स्वतंत्र झाल्यावर लंडनमधले आपले छोटे घर विकून ते परतले आणि १९७२ साली ईशान्येकडच्या सुल्ला या दुर्गम भागात निर्वासितांना पुन्हा वसवण्याचे काम सुरू केले. त्या कामातून जी संस्था उभी राहिली ती ‘ब्रॅक’. जगातल्या सर्वांत मोठ्या स्वयंसेवी संस्थांमध्ये आज तिची गणना होते.

आता हिशेबनिसाचे काम कुठे आले ते पाहा.

बांगलादेशात त्या काळी लहान मुले जुलाबाने फार मरत. यावर उपाय सापडला होता. १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत डॉ. डेव्हिड नेलिन आणि डॉ. रिचर्ड कॅश यांनी दाखवून दिले, की साखर आणि क्षार योग्य प्रमाणात घातलेले पाणी तोंडाने पाजले तर बहुतेक रोगी वाचतात. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी तोच उपाय हजारो लोकांवर यशस्वी करून दाखवला. म्हणजे डॉक्टरांनी आपले काम चोख केले होते. तरीही खेड्यापाड्यांत मुले मरतच होती, कारण ते ज्ञान आईच्या हातापर्यंत पोचलेच नव्हते. पुड्या पुरेशा नव्हत्या, रस्ते नव्हते, दवाखाने दूर होते.

आबेद यांच्या लोकांनी आईच्या घरातच असणाऱ्या वस्तूंचे माप ठरवले. तीन बोटांच्या चिमटीत येईल एवढे मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. आपल्या कोकणातल्या आजीला हे माप सांगायला कागद-पेन्सिल लागली नसती. १९८० पासून दहा वर्षे ब्रॅकच्या स्त्री-कार्यकर्त्या घरोघर गेल्या. सव्वा कोटीच्या आसपास घरे झाली. प्रत्येक घरातल्या आईला बसवून, तिच्या हातून ते पाणी करवून घेऊन शिकवले गेले.

पण शिकवले म्हणजे शिकले असे होत नाही, हे शाळामास्तरांना ठाऊक असते आणि हिशेब तपासणाऱ्यालाही. आबेद यांनी पगाराची पद्धतच वेगळी ठेवली. कार्यकर्ती किती घरांत जाऊन आली यावर पैसे नाहीत. काही आठवड्यांनी दुसराच माणूस जाऊन त्यांतली काही घरे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी निवडायचा, त्या आईला प्रश्न विचारायचा, तिला पाणी करायला सांगायचा. आईला जेवढे आठवे, त्या प्रमाणात शिकवणारीला मेहनताना मिळे. आईने केलेले पाणी प्रयोगशाळेतही तपासले जाई.

या तपासणीतून एक नको असलेली गोष्ट बाहेर आली. आयांना माप तोंडपाठ होते, पण मूल आजारी पडल्यावर ते पाणी प्रत्यक्ष पाजणाऱ्या फारच थोड्या होत्या. एखाद्या संस्थेने हा आकडा कपाटात ठेवून दिला असता आणि देणगीदारांना फक्त घरांची संख्या कळवली असती. आबेद यांनी कारण शोधायला लावले. तेव्हा कळले, की कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले तर त्या दुसरे औषध घेत. मग त्यांना ढाक्याला नेऊन प्रयोगशाळेतल्या जाणकारांकडून सर्व समजावून दिले. दुसरे कारण असे निघाले, की घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते आणि त्यांची संमती नसे. मग बाजारात, मशिदीत, शाळेत जाऊन पुरुषांशी बोलणे सुरू झाले. त्यानंतर पाणी पाजणाऱ्या घरांचे प्रमाण वाढत गेले.

भगिनींनो, हिशेब शिकलेल्या माणसाचे तिथे काय काम, या प्रश्नाचे हेच उत्तर आहे. औषध शोधणे हे डॉक्टरचे काम. ते गरिबाच्या घरी पोचले का, किती खर्चात पोचले, आणि पोचले नसेल तर का नाही, हे विचारणारा माणूस नसेल तर औषध प्रयोगशाळेतच राहते.

आबेद यांनी व्यापाराची बाजूही सोडली नाही. गावातल्या बायका रेशीम आणि भरतकाम करत, पण ढाक्याचे दुकानदार माल विकला गेल्यावर महिनोन्‌महिन्यांनी पैसे देत. गरीब बाई थांबणार किती? म्हणून १९७८ साली ‘आडोंग’ हे दुकान निघाले. माल हाती आला की पैसे हाती. २००२ साली, ज्यांना लहानसे कर्जही झेपत नाही अशा अत्यंत गरीब कुटुंबांसाठी योजना निघाली. गाय किंवा शेळ्या द्यायच्या, काही काळ पोटापुरते पैसे द्यायचे, दोन वर्षे दर आठवड्याच्या सुमारास माणूस पाठवून धीर आणि शिक्षण द्यायचे आणि मग हात सोडायचा. पुढे हीच पद्धत भारतासह सहा देशांत वापरून पाहिली गेली. तिचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. मदत थांबून वर्ष उलटल्यावरही त्या कुटुंबांची स्थिती सुधारलेलीच होती. ब्रॅक पुढे अफगाणिस्तानात आणि आफ्रिकेतही गेली. आबेद २०१९ साली वयाच्या ८३ व्या वर्षी वारले.

आपल्या रामबामने त्सेदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत आणि सर्वांत वरची पायरी कोणती ती आपणांस ठाऊक आहे: माणसाला देणगी, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करणे, की त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. भागीदारी आणि कर्ज हे दोन्ही व्यापारातले शब्द आहेत, हे मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

आता घरातले उदाहरण घेऊ. सिवान याअरी या इस्राएलमध्ये जन्मलेल्या, फ्रान्समध्ये वाढलेल्या. शिक्षण अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या पेस विद्यापीठात वित्त आणि कोलंबिया विद्यापीठात ऊर्जा व्यवस्थापन. विशीच्या वयात जीन्स करणाऱ्या एका कंपनीच्या कामासाठी त्या मादागास्करला गेल्या. तिथे त्यांनी असे दवाखाने पाहिले, जिथे डॉक्टर होते पण वीज नव्हती. रात्रीची बाळंतपणे मेणबत्तीच्या उजेडात, आणि लस ठेवायला शीतपेटी नाही. याचे मूळ त्यांनी एका शब्दात पकडले: ऊर्जा. २००८ साली त्यांनी ‘इनोव्हेशन: आफ्रिका’ ही संस्था काढली.

आपण इथे घराच्या छपरावरच्या ‘दूद शेमेश’वर आंघोळीचे पाणी तापवतो आणि त्याचे कौतुकही विसरून गेलो आहोत. याअरी यांनी सूर्याचीच वीज दवाखान्याला दिली, शाळेला दिली. मग लक्षात आले, की बायका दिवसभर घाणेरडे पाणी वाहतात, पण स्वच्छ पाणी त्यांच्या पायांखाली जमिनीत आहे; ते वर काढायला शक्ती नाही. म्हणून बोअर मारायची, सौर पंप लावायचा, उंच मनोऱ्यावर टाकी बसवायची आणि गावात नळ काढायचे. एक हजाराहून अधिक गावांत या संस्थेचे काम पोचले आहे. नवगाव, पेण, अलिबागकडच्या विहिरीवर ज्यांनी हंडे भरले आहेत त्या भगिनींना या नळाची किंमत मी सांगायला नको. आपण तर ‘शनवार तेली’! दुसऱ्याच्या घरचा दिवा लागावा म्हणून आपल्या पूर्वजांनी घाणे चालवले.

पण इथेही हिशेबच महत्त्वाचा ठरला. आफ्रिकेत देणगीच्या पैशाने बसवलेले आणि वर्षा-दोन वर्षांत बंद पडलेले पंप ठिकठिकाणी दिसतात. उद्घाटनाचा फोटो निघतो, पाटी लागते, पाहुणे परत जातात. पुढे एक वॉशर खराब होतो आणि तो आणायला कोणाकडे पैसे नसतात. याअरी यांच्या संस्थेने सुरुवातीच्या कामांपासून यावर विचार केला. दवाखान्याच्या वा शाळेच्या सौर विजेवर गावकऱ्यांचे मोबाइल फोन अल्प पैसे घेऊन भारून द्यायचे आणि त्या गल्ल्यातून पुढे दिवे व बॅटऱ्या बदलायच्या. शिवाय प्रत्येक यंत्राची माहिती दुरून कळेल अशी व्यवस्था केली. पंप थांबला की ते इस्राएलमध्ये बसून दिसते आणि तिथल्या स्थानिक माणसाला कळवता येते. आपल्या हिशेबाच्या भाषेत याला घसाऱ्याची तरतूद म्हणतात. ती ज्याने शिकली आहे त्याला पाटीपेक्षा वॉशरची काळजी असते.

हे काम आपल्या देशाला नवीन नाही. स्वतः रेशनवर जगत होतो त्या दिवसांत, १९५८ च्या सुमारास, गोल्डा मेयर परराष्ट्रमंत्री असताना इस्राएलने नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांना शेती, आरोग्य आणि सहकार शिकवणारा ‘माशाव’ विभाग सुरू केला. १९६१ साली हैफाला कार्मेलवर अशा देशांतील स्त्रियांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. १९९२ मध्ये भारताशी पूर्ण संबंध जुळल्यानंतर हे ज्ञान आपल्या महाराष्ट्रातही गेले. कोकणात दापोलीला आंब्यासाठी आणि नागपूरला संत्र्यासाठी भारत-इस्राएल सहकार्याची केंद्रे उभी राहिली.

आणि बंधू-भगिनींनो, आपण स्वतः घेणाऱ्यांच्या रांगेतही उभे राहिलेले लोक आहोत. मुंबईत साठीच्या दशकात ओर्टने आपल्या मुलांना हातात धंदा दिला. तिथून शिकून निघालेले इथेही बसले असतील. त्या मदतीची आठवण गोड आहे, कारण तिने माणसाला उभे केले. दुसरी आठवणही आहे. बोटीतून किंवा विमानातून उतरल्यावर आम्हाला कुठे राहायचे आहे, काय काम येते, हे न विचारता कागदावर शिक्का मारून पाठवून देणारे अधिकारी आम्ही पाहिले. घर मिळाले, काम मिळाले, त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण मराठी बोलणाऱ्या आमच्या आईला तिच्या भाषेत कोणी एक प्रश्न विचारला नाही, हे अजून मनात आहे. म्हणून परदेशी सेवेला निघालेल्या आपल्या मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आपल्याजवळ आहे: आधी विचारा, मग द्या.

आता आईवडिलांसाठी थोडे व्यवहाराचे. मुलगी वा मुलगा जाऊ म्हणतो तेव्हा “नको” म्हणण्याआधी त्याला चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, काम किती दिवसांचे? तीन आठवड्यांची सेवा बहुधा सहलच होते. अमेरिकेच्या पीस कोअरमध्ये प्रशिक्षण धरून २७ महिन्यांची मुदत असते, ती उगीच नाही. दुसरी, तिथली भाषा शिकवतात का? तिसरी, संस्थेचे तपासलेले हिशेब पाहायला मिळतात का, आणि काम फसले तर ती ते लिहिते का? चौथी, मुलगी परत आल्यावर तिचे काम करायला तिथलाच कोणी माणूस तयार झालेला असेल का? या चारही प्रश्नांना नीट उत्तर मिळाले तर पदवी फुकट जात आहे असे समजू नका. अशी दोन वर्षे केलेली मुले पुढे मदत संस्थांत, संयुक्त राष्ट्रांच्या कामात पगारी जागांवर जातात, किंवा कंपन्यांत परत येतात. ज्याने रस्ता नसलेल्या गावात लसीची पेटी वेळेवर पोचवली, त्याला मालाची ने-आण शिकवावी लागत नाही. पगार मित्रांपेक्षा कमी राहील, हेही खरे आहे आणि ते मुलांना आधीच स्पष्ट सांगावे.

वय झालेल्यांनी हा विषय आपला नाही असे समजू नये. पीस कोअरमधूनच १९६६ साली एक ६८ वर्षांची विधवा नर्स आपल्या मुंबईत आली होती. विक्रोळीला गोदरेज कॉलनीत राहून तिने दवाखान्यात काम केले, कुष्ठरोग्यांचीही शुश्रूषा केली. तिचे नाव लिलियन कार्टर. पुढे १९७७ साली तिचा मुलगा अमेरिकेचा अध्यक्ष झाला. आपल्यापैकी कित्येक भगिनी त्याच काळात मुंबईच्या इस्पितळांत नर्स होत्या.

शेवटी एक सूचना मांडून मी आपली रजा घेतो. २०१२ साली ठाण्याजवळ कळव्याच्या झोपडपट्टीत ‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’ हे काम मोदीइनच्या याकोव स्तोकमान यांनी सुरू केले. शाळेत येणाऱ्या मुलांना गरम जेवण, आणि ते रांधण्याचे काम वस्तीतल्याच बायकांना. त्यासाठी इस्राएलमधून आणि इतर देशांतून ज्यू तरुण स्वयंसेवक गेले. अशा तरुणांना तिथे सर्वांत जास्त अडचण कशाची येत असेल? भाषेची. आणि ती भाषा आज या सभागृहात बसली आहे! आपल्या नातवंडांना मराठी येत नाही म्हणून आपण खंत करतो. महाराष्ट्रात सेवेला जाणाऱ्या कोणाही तरुणाला, मग तो आपल्या समाजाचा असो वा नसो, जाण्यापूर्वी तीन महिने मराठी शिकवण्याचा वर्ग आपल्या सिनेगॉगच्या वाचनालयाच्या खोलीत आठवड्यातून एक संध्याकाळ चालवता येईल. खोली आहे, खुर्च्या आहेत, शिकवणारे आहेत. “दुखतंय कुठे?”, “जेवलास का?”, “तुम्हाला काय हवं आहे?” एवढी तीन वाक्ये जरी त्यांना नीट आली तरी वर्गाचे सार्थक होईल. खर्चाचा तक्ता मी करून विश्वस्त मंडळाकडे दिला आहे. चहा-बिस्किटांपलीकडे त्यात मोठा आकडा नाही. वर्गाला शिकवायला तयार असणाऱ्यांनी आपली नावे चिटणीसांकडे द्यावीत. पहिले नाव माझे लिहून झाले आहे.

आपल्या सिनेगॉगची अशीच भरभराट होवो, आणि इथून निघालेली मुले जिथे जातील तिथे लोकांच्या उपयोगी पडोत, अशी एलोहीमजवळ प्रार्थना करून मी माझे भाषण संपवतो.